व्हिनाइल क्लोराइडची साखळी

लातूरला गुरुपादप्पा सरांच्या क्लासमध्ये शिस्त अशी की मुलगे डावीकडे, मुली उजवीकडे, आणि मधल्या रिकाम्या जागेवर कॅमेरा. आपलं लेकरू बेंचवर आहे की नाही, हे पालक घरबसल्या मोबाइलवर बघत. लेकराच्या डोक्यात काय चाललंय ते दाखवणारं ॲप अजून निघालेलं नव्हतं, म्हणून सगळं सुखात चाललं होतं.

महानंदा मॅडम इथे दोन वर्षं केमिस्ट्री शिकवत होत्या, पण ट्रायलवरच. परमनंट करायचं की नाही, हे आज सर स्वतः मागच्या बेंचवर बसून ठरवणार होते. मॅडमनी कंबर कसली आणि प्रत्येकाच्या खांद्यावर रुमालाएवढी एकेक हिरवी दस्ती टाकली.

"हा क्लोरीन. तुम्ही प्रत्येक जण व्हिनाइल क्लोराइडचा एक रेणू. स्वतःचेच दोन्ही हात एकमेकांत धरा. हा तुमच्या दोन कार्बनमधला जादा बंध. असे सुटे फिरता तोवर तुम्ही विषारी वायू. शेजाऱ्यानं ओढलं की पकड सोडायची, एक हात त्याला, दुसरा पुढच्याला. दस्ती पडू द्यायची नाही, क्लोरीन जागच्या जागी. झाला पीव्हीसी! शेतात पाणी नेतो तोच पाइप. सहजासहजी तुटत नाही."

पोरांना असली मजा कधी मिळते? साखळी सरसर वाढली. डावीकडच्या शेवटच्या मल्लेशचा हात हवेत राहिला. पुढचा रेणू करिश्मा. तिनं तो सरळ धरला.

सर ताडकन उठले. "मॅडम! कॅमेरा चालू हाय!" त्यांचा फोन वाजायला लागलाच होता. "पालकांना काय सांगू मी? मुलांचा पाइप येगळा करा, मुलींचा येगळा!"

"सर, रसायनाला तसं काही..."

"सोडायला सांगा. तुमच्या ऑर्डरवर आजच सही करतो."

सगळा वर्ग मॅडमकडे बघत होता. हात कुणीच सोडला नव्हता. मॅडमना त्या पोरांचा भारी अभिमान वाटला आणि स्वतःची तितकीच लाज. पण नांदेडला सासूबाईंना "यंदा नक्की होईल" असं सांगून सांगून त्या थकल्या होत्या.

"सोडा," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी ऑर्डर हातात पडली. स्टाफरूममध्ये पेढे वाटून झाले. दुसऱ्या दिवशी मॅडमनी उजळणी घेतली.

"पीव्हीसीची साखळी सहजासहजी का तुटत नाही? करिश्मा?"

करिश्मा उभी राहिली.

"तुटती की, मॅडम," ती म्हणाली. "काल तुम्ही एकदाच म्हणलात, अन् तुटली."