दीड तास कुठे गेला?

समजा, तुम्ही सात वर्षांचे आहात. नसाल तर थोडे मोठे व्हा किंवा थोडे लहान व्हा, आपल्याला घाई नाही. आता समजा, तुम्ही एका मोठ्या पांढऱ्या जहाजाच्या डेकवर, कठड्याच्या दोन गजांमध्ये नाक खुपसून उभे आहात. समोर एक बेट आहे. मधोमध टेकडी, टेकडीच्या पायथ्याशी पन्नासेक घरं, आणि डाव्या बाजूला, धक्क्यापासून जरा दूर, पाण्यात नुसता पांढरा फेस. तिथे पाण्याखाली काळे खडक आहेत. दुपारी ओहोटी लागली की पाणी मागे सरतं, खडक उघडे पडतात आणि त्यांच्या खळग्यांमध्ये पाणी साचून राहतं. त्या खळग्यांत हुबेहूब फुलासारखा दिसणारा एक प्राणी राहतो. त्याच्यावर नुसती सावली पडली तरी तो पाकळ्या मिटून घेतो.

आपल्या गोष्टीतली मुलगी अशीच कठड्याशी उभी होती. घरात तिला सगळे मुंगी म्हणायचे, कारण ती सदानकदा कुठेतरी निघालेली असायची.

जहाज सफरीत तीन ठिकाणी थांबणार होतं, आणि कुठे काय बघायचं हे घरच्यांनी आधीच वाटून घेतलं होतं. पहिला थांबा आजीचा. आजीने बाग निवडली. दुसरा बाबांचा. बाबा वीजदुरुस्तीचं काम करायचे, त्यामुळे त्यांनी निवडलं एक जुनं, बंद पडलेलं वीजघर. मुंगीने तिथे दोन तास जुन्या तारा पाहिल्या आणि एकदाही ‘कंटाळा आला’ म्हणाली नाही. तिसरा थांबा तिचा होता. हाच. यानंतर जहाज थेट घरी जाणार होतं.

सकाळी न्याहारीच्या टेबलावर आईने खाकी कागद पसरला. आई कपडे शिवायची. ज्या कागदावर ती झग्यांचे आकार काढायची, तसाच एक कागद तिने बॅगेत टाकून आणला होता.

“लहान मुलं बरोबर असली की दोनच गोष्टी ठरवायच्या,” आजी म्हणाली. आजी म्हणजे आईची आई. ती तीस वर्षं दवाखान्यात नर्स होती. “एक बसून बघायची, एक पळून बघायची. तिसरी ठरवली की घरी परतेपर्यंत सगळे आजारी.”

“बसून बघायची म्हणजे टेकडीवर जाणारी ती उघडी बस,” आई म्हणाली आणि कागदावर एक चौकोन काढला. “पळून बघायची म्हणजे मुंगीचे खडक. मध्ये जेवण. आणि मध्येच गठुड्याची झोप.”

गठुडं म्हणजे मुंगीचा धाकटा भाऊ. वय वर्षं तीन. त्याला चालता यायचं, पण ते काम दुसऱ्या कुणीतरी करावं असं त्याचं मत होतं. आत्ता त्याने जॅमचा हात स्वतःच्या केसांतून फिरवला, म्हणून आजी त्याला उचलून नळाकडे घेऊन गेली. बाबा दुधाच्या रांगेत उभे होते. टेबलावर राहिल्या आई आणि मुंगी.

“परत किती वाजता यायचं?” मुंगीने विचारलं.

“तीनला.” आईने कागदावर तळाशी एक जाड रेघ ओढली. “तीन म्हणजे तीन. जहाज कुणासाठी थांबत नाही.”

“पण डेकवरच्या फळ्यावर लिहिलंय, सगळ्यात जास्त ओहोटी पावणेतीनला.”

“अगं, दोनपासून खडक दिसायला लागतात. अर्धा तास बघायचं आणि वीस मिनिटांत चालत परत. बसतंय की नीट!”

कागदावर खरंच नीट बसत होतं.

बेटावर उतरल्यावर मात्र बसेना. उघड्या बसला ही लांब रांग होती. बस टेकडीवर गेली, सगळ्यांनी वरून समुद्र बघितला, गठुड्याने फक्त ड्रायव्हरची टोपी बघितली आणि ती मिळावी म्हणून रडून घेतलं. खाली यायला सव्वा वाजला. खानावळीत जेवण यायला आणखी अर्धा तास. गठुड्याने पहिला घास घेतला आणि दुसऱ्या घासाच्या आत तो ताटावर पेंगला.

“माझी बसून बघायची गोष्ट झाली,” आजी म्हणाली. “माझे गुडघे आता पुरे म्हणतायत. मी धक्क्याच्या फाटकापाशी बाकावर बसते. तुम्ही पळा.”

झोपलेल्या गठुड्याला ढकलगाडीत घालून तिघं खडकांच्या वाटेला लागले, तेव्हा दोन वाजून गेले होते. पाच मिनिटं वाट चांगली होती. मग वाळू लागली. ढकलगाडीची चाकं रुतली. बाबांनी पुढून ओढली, आईने मागून ढकलली, मुंगीने बाजूने सूचना दिल्या. एक चाक निखळलं. बाबांनी ते बसवलं. ते पुन्हा निखळलं.

शेवटी वळण आलं, आणि वळणावरून मुंगीला खडक दिसले. काळे, ओले, उन्हात चमचमणारे. मध्ये मध्ये पाण्याचे तुकडे आरशासारखे. फार तर दहा मिनिटांची वाट.

आईने घड्याळ पाहिलं. “दोन पस्तीस. अहो, परत फिरायला हवं.”

“अगं, अजून अर्धा तास तरी...” बाबा म्हणाले.

“कसला अर्धा तास? मागच्या सुट्टीत तुम्ही असंच म्हणालात आणि बस गेली.”

बाबांनी मुकाट्याने ढकलगाडी वळवली, कारण ती बस खरंच त्यांच्यामुळे गेली होती.

आई मुंगीसमोर उकिडवी बसली. “मुंगे, मला माहीत आहे आज तुझी पाळी होती. पण जहाज गेलं तर आपण काय करायचं, सांग?”

मुंगीने एकदा खडकांकडे बघितलं, मग वळली आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागली. रडताना कुणी तोंड बघू नये म्हणून.

मग सुरू झाली पळापळ. बाबांनी गठुड्याला खांद्यावर टाकलं. आईने एका हातात ढकलगाडी आणि दुसऱ्या हातात तिचं चाक धरलं. वाळूत पाय ओढत, रस्त्यावर धापा टाकत, घामाने निथळत ते धक्क्याच्या फाटकाशी पोचले, तेव्हा तीनला दोन मिनिटं कमी होती.

आजी बाकावर बसून फाटकावरच्या काकांशी गप्पा मारत होती. दोघांच्या हातात चहाचे पेले होते.

“अगंबाई, एवढ्यात आलात?” आजी म्हणाली. “दिसलं का ते फूल?”

“आई, ऊठ आधी! चल!” मुंगीची आई ओरडली. “जहाज सुटेल!”

“जहाज कुठे पळतंय?”

“तीन वाजले!”

फाटकावरच्या काकांनी पेला खाली ठेवला. “ताई, जरा दम घ्या. जहाजाचं दार साडेचारला बंद होतं. पाचला जहाज सुटतं. अजून दीड तास आहे तुमच्याकडे.”

आईचा जीव भांड्यात पडला आणि बाबा बाकावर पडले. आईने ढकलगाडीचं चाक हळूच जमिनीवर ठेवलं. ते गडगडत काकांच्या खुर्चीपर्यंत गेलं.

“साडेचार?” आई म्हणाली. “मग तीन कुणी सांगितलं?”

“तूच सांगितलंस,” मुंगी म्हणाली.

“मला यांनी साडेतीन सांगितलं होतं.”

“मग तू तीन का म्हणालीस?”

आई जरा ओशाळली. “तुला माहीत आहे ना, मी कापड बेतताना आत दोन बोटं जास्त सोडते. ऐनवेळी घट्ट झालं तर उसवता येतं. तशीच सवय लागली आहे. अर्धा तास आत सोडला.”

मुंगी बाबांकडे वळली. “बाबा, तुम्हाला साडेतीन कुणी सांगितलं?”

“मला आजींनी चार सांगितलं.” बाबा बाकावर सरळ बसले. “पण वायर कापताना मी नेहमी वीतभर जास्त ठेवतो. कमी पडली तर जोड मारायला लागतो, आणि जोड मारलेली वायर मला आवडत नाही. म्हणून म्हटलं, तुझ्या आईला साडेतीन सांगावं.”

राहिली आजी. आजी चहा संपवण्यात फारच गुंतली होती.

“आजी!”

“हे बघ मुंगे, दवाखान्यात पेशंटच्या माणसांना भेटायची वेळ सहापर्यंत असली की आम्ही साडेपाचच सांगायचो. खरी वेळ सांगितली की माणूस त्यानंतरच उठतो.” आजीने पर्स उघडली. सकाळी जहाजावरच्या पोऱ्याने दाराखालून सरकवलेला सूचनेचा कागद तिने बाहेर काढला. घडी घातलेला, कुणालाच न दाखवलेला. “शिवाय जावईबापूंना मी आज ओळखते का? त्यांना चार सांगितलं की ते साडेचारला येतील, असा माझा हिशोब.”

“आजी, हा माझ्यावर अन्याय आहे,” बाबा म्हणाले.

“बसचं काय झालं होतं?”

“ती बस आता किती वेळा सुटणार आहे?”

मोठी माणसं हसायला लागली. आधी बाबा, मग आई. आई तर डोळे पुसेपर्यंत हसली. तिघांनीही आपापल्या परीने काळजीच घेतली होती. फक्त एकमेकांना सांगितलं नव्हतं. तीन जणांचे तीन अर्धे तास. करा बघू बेरीज.

मुंगीने ती केव्हाच केली होती. ती हसत नव्हती. ती काकांसमोर जाऊन उभी राहिली.

“काका, खडकांवर पाणी परत कधी चढतं? खरी वेळ सांगा. थोडी आधीची नको.”

काकांनी हसू दाबलं आणि समुद्राकडे बघितलं. “आत्ता ओहोटीचा तळ आहे. चारपर्यंत खळगे नक्की दिसतील. त्यानंतर माझी हमी नाही.”

“आणि ढकलगाडीशिवाय गेलं तर किती वेळ लागतो?”

“वाळूतून न जाता वरच्या पायवाटेने गेलीस तर वीस मिनिटं.”

मुंगी वळली. तिचे गाल अजून ओले होते, पण आवाज एकदम कोरडा होता. “आता तीन वाजून पाच मिनिटं. तीन पंचवीसला तिथे. चारला निघायचं. चार वीसला इथे. दहा मिनिटं जास्तीची उरतात, आणि ती मी सगळ्यांना सांगून ठेवली आहेत. आता मधून कुणी काही काढायचं नाही.”

“पोरगी मुकादम झाली,” आजी म्हणाली. “जा रे, जा सगळे. ढकलगाडी आणि पिशव्या मी सांभाळते. आणि हा कागद घेऊन जा, नाहीतर मी पुन्हा काहीतरी सांगेन.”

वरची पायवाट दगडी होती, टणक होती आणि तिच्यावर सावली होती. सकाळी कुणाला विचारलं असतं तर सकाळीही ती तिथेच असती. गठुडं बाबांच्या खांद्यावर जागं झालं आणि ‘आता कुठे?’ म्हणालं. कुणाच्याच पायात आता घाई नव्हती. आई चालता चालता चक्क गुणगुणत होती.

खडकांवर पोचले तेव्हा तीन चोवीस झाले होते. पहिल्या खळग्यात शंख होते. दुसऱ्यात नखाएवढा खेकडा होता. तो तिरका पळाला. तिसऱ्यात काही नव्हतं. चौथ्यातही काही नव्हतं. मुंगी पाचव्याकडे गेली, सहाव्याकडे गेली. बाबा एका बाजूने शोधू लागले, आई दुसऱ्या बाजूने, झगा गुडघ्यापर्यंत खोचून.

“मुंगे,” आईने अगदी हळू हाक मारली. “इकडे ये. सावली पाडू नकोस.”

खळग्याच्या तळाशी, दगडाला चिकटून, ते होतं. लालसर, पेल्याएवढं, सगळ्या पाकळ्या उघडलेलं. पाणी हललं की पाकळ्या हलत होत्या.

मुंगी किती वेळ बघत होती, तिला कळलं नाही. मग मागून बाबांचा आवाज आला, “मुंगे, निघायचं का?”

मुंगीने मान वर केली. “चार वाजले?”

बाबांनी तोंड उघडलं. मग घड्याळ पाहिलं आणि तोंड मिटलं. “नाही,” ते म्हणाले. “खरं सांगतो. अजून सहा मिनिटं आहेत.”

गठुडं तोवर बाबांच्या हातातून सुटून आपल्या पायांनी, कुणी न सांगता, खळग्याकडे निघालं होतं. त्याच्या हातात काठी होती, आणि त्याची सावली त्याच्याआधी पोचली. पाकळ्या मिटल्या. फुलाचा एक बुळबुळीत गोळा झाला.

आई श्वास रोखून मुंगीकडे बघत राहिली.

मुंगीने भावाच्या हातातली काठी काढून बाजूला ठेवली. मग ती त्या ओल्या खडकावर पोटावर आडवी झाली आणि हनुवटी दगडावर टेकवली. एका हाताने तिने गठुड्याला ओढून आपल्या शेजारी तसंच पालथं झोपवलं, आणि त्याच्या कानात म्हणाली, “आता हलायचं नाही. ते पुन्हा उघडतं.”