एकटे ठिपके

शहाद्याच्या कॉलेजातल्या एका संगणकावर तापीकाठची माणसं ठिपके होऊन बसली होती. एक माणूस, एक ठिपका. कोण कोणाचा मुलगा, कोणाला कोणी शिकवलं, साखर कारखान्याच्या पहिल्या सभेला कोण कोणाबरोबर गेलं, असं नातं सापडलं की दोघांमध्ये रेघ. नाव टाकून शोधलं की त्या माणसाचं सगळं गणगोत पडद्यावर पसरायचं. शाळांची दप्तरं नि जुनी वर्तमानपत्रं धुंडाळून हे जाळं दामिनीनं विणलं होतं.

सोमवारी नकाशा सगळ्यांसाठी खुला व्हायचा होता. प्रकल्प हेमकांत सरांचा. सर माणूस भला, पण टापटिपीचं भलतंच वेड.

"ज्यांना एखाददुसरीच रेघ आहे, ते ठिपके झाकून टाक," ते म्हणाले. "मोहरी सांडल्यासारखं दिसतंय."

झाकण्याआधी दामिनीनं ते ठिपके उघडून पाहिले आणि तिचं डोकंच फिरलं. जवळजवळ सगळ्या बायका! निम्म्या शाळेपर्यंत होत्या, मग गडप. उरलेल्या लग्नाच्या दिवशी आभाळातून पडलेल्या, ना माहेर ना बालपण.

त्यातली एक तर तिच्या मनातून हलेना. दगू भाईदास, सारंगखेडा. सातवीत केंद्रात पहिली. गावातल्या बायकांना सही करायला शिकवली म्हणून सत्कार झाला, अशी वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी. पुढे काही नाही.

"वारली असेल बिचारी," सर म्हणाले.

"वारली असेल तर तसं सापडू दे. पण तिला झाकून मी नकाशा उघडणार नाही," दामिनी म्हणाली, आणि एसटी पकडून सारंगखेड्याला गेली.

तिथे दगू कोणालाच आठवेना. कमलबाई नावाच्या एका आजीनं मात्र ओट्यावर बसवून चहा दिला. कप पुढे करताना आजींच्या मनगटावरची हिरवी अक्षरं दिसली. शीला.

"आजी, ही शीला कोण?"

"मीच शे ना! पोर व्हतू तवय जत्रामा गोंदेल शे." आजी हसल्या. "लगीनमा नाव बदलनं, पोरी. हात थोडाच बदलस?"

दामिनीला स्वतःचाच राग आला. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या जत्रेत बाप जनावरं बघत फिरायचा, तोवर पोरी गोंदणाऱ्यापुढे हात धरायच्या. लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहायचा. हे तिला का ठाऊक नव्हतं? तिच्या आईचीही दोन नावं होती! तरी नाव वेगळं की माणूस वेगळं, असं तिनंच यंत्राला शिकवून ठेवलं होतं.

मग ती हटूनच बसली. गावोगाव ओट्यांवर बसली, हात पाहिले, सासर-माहेर विचारलं. एकेका बाईचे दोन ठिपके जोडले, तशा कितीतरी जणी रेघांनी भरून गेल्या. दगू काही सापडली नाही.

शनिवारी सर कपाळाला आठ्या घालून बसले. "पुरावा म्हणून काय लिहिलंयस? डावा हात?"

"हातच्या काकणाला आरसा कशाला, सर? खोटं नाव कोणी स्वतःच्या कातडीवर लिहून घेतं का?"

"अगं, बायका बहिणीचंही नाव गोंदतात. आमच्या आईच्या हातावर आहे की. तिची एक बहीण लहानपणी गेली असणार, दगू..."

सर बोलता बोलता थांबले.

दामिनीनं त्यांच्या आईची नोंद उघडली. अनुसयाबाई. पती, कारखान्याचे संस्थापक सभासद. मुलगा, प्राध्यापक हेमकांत. माहेर सारंगखेडा. शिक्षण: माहिती नाही. ही नोंद सरांनी स्वतः भरली होती. काखेत कळसा नि गावाला वळसा, पण ते बोलून दाखवायची ही वेळ नव्हती.

सरांनी घरी फोन लावला. "आई, तुन्हा हातवर दगू शे, ती कोन?"

"मीच. मन्हं माहेरनं नाव."

"मंग सारंगखेडामा बायास्ले सही कोनी शिकाडी?"

"मीच शिकाडी." आवाज जरा घाबरला. "काब्र इचारस? काही चुकनं का?"

त्यांच्या पहिल्या पाटीवर अक्षर गिरवून घेणारा हात तोच होता, आणि त्यावर काय लिहिलंय ते त्यांनी जन्मात विचारलं नव्हतं. "मन्हं चुकनं, आई," ते कसेबसे म्हणाले आणि फोन ठेवून स्वतः संगणकापुढे बसले. दोन ठिपके त्यांनीच जोडले. "माहिती नाही" पुसून पुढे सातवी, केंद्रात पहिली, असं लिहिलं. पुरावा: आईचा डावा हात.

मग खुर्ची मागे सरकवत ते म्हणाले, "दामिनी, ते उरलेले ठिपके झाकू नकोस."

"झाकले कुठे होते, सर?" दामिनी म्हणाली आणि पुढच्या गावाची एसटी किती वाजता आहे ते बघू लागली.