दोनदा सेव्ह

चिंतामणची चूक नोकरीत कधी कोणी धरली नव्हती, कारण चुका धरण्याचाच त्याला पगार मिळत होता. पुण्याच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीच्या अमरावतीच्या ऑफिसात तो टेस्टर होता. कंपनीचं संत्र्याच्या व्यापाराचं एक ॲप होतं. वरूडकडचे बागाईतदार बागेतून कोणाकडे किती माल गेला ते त्यात टाकायचे. ॲपमध्ये काही नवं आलं, की चिंतामण फोन हातात घेऊन एकेक बटण दाबून पाहायचा आणि कुठे मोडलं ते सांगायचा. घराणं भिक्षुकांचं, त्यामुळे तेच तेच न कंटाळता आणि न चुकता करणं त्याच्या रक्तातच होतं.

तर अशा माणसाला मॅनेजर कुलदीपने सांगितलं, की दिवाळीनंतर हाताने टेस्टिंग बंद. बटणं दाबायला आता स्क्रिप्ट असतील, म्हणजे आपल्या आपण चालणारे प्रोग्रॅम. ते लिहिणाऱ्याची जागा एकच आणि अमरावतीच्या ऑफिसात टेस्टर दोन, चिंतामण आणि गौरांग. दोघांनी आपापलं काम पुण्याच्या मालकांना स्क्रीनवर दाखवायचं, मग मालक ठरवतील. गौरांग पंचविशीचा, काम चिंतामणकडूनच शिकलेला, बोटं तुरुतुरु चालणारा. चिंतामणने चाळिशी केव्हाच ओलांडलेली. पिकल्या केसांच्या नवशिक्याला दुसरीकडे कोण घेणार, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

मग त्याने केलं ते, जे अशा वेळी सगळेच करतात. ऑनलाइन कोर्स लावले. सर्टिफिकेटं जमली, पण कोऱ्या स्क्रीनसमोर बसला की पहिली ओळ काही सुचेना. वडील केशवराव त्याला म्हणाले, यंत्र पूजा सांगायला लागलं की मीही कोर्स लावीन. घरात हसणारे ते एकटेच होते.

बायकोने, मैथिलीने, सुचवलं की अदितीला विचारा. अदिती कधीकाळी चिंतामणच्याच हाताखाली टेस्टिंग शिकलेली. आता ती अकोल्याला आईवडिलांकडे राहून पुण्याच्या दुसऱ्या एका कंपनीचं ऑटोमेशन, म्हणजे असल्या स्क्रिप्टचंच काम, सांभाळत होती. जिला आपण बग, म्हणजे ॲपमधला दोष, कसा लिहायचा ते शिकवलं, तिच्यापुढे पाटी घेऊन बसायचं, हे चिंतामणच्या घशाखाली उतरेना. मैथिली म्हणाली, "अडला हरी..." आणि पुढचं तिने गिळलं, कारण अदिती तिला आवडायची.

शेवटी हरी बडनेऱ्याहून गाडीत बसला. दर रविवारी अकोल्याला जठारपेठेत अदितीच्या घरी जायचं, तिच्या आईच्या हातचे पोहे खायचे आणि मुकाट्याने शिकायचं. अदिती त्याला अजून सर म्हणत होती, पण शिकवताना काही लाज ठेवत नव्हती.

"सर, तुमी सर्टिफिकेटं गोळा करून राहिले," तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. "ते ठेवा बाजूले. रोज हातानं जे तपासता ना, त्यातलं एक घ्या आणि तेवढंच स्क्रिप्टले शिकवा. ते जमलं की दुसरं."

स्क्रिप्टला डोळे नसतात, हेही तिनेच शिकवलं. माणूस बटण दाबतो आणि पाहतोही. स्क्रिप्ट नुसतं दाबतं. काय झालं पाहिजे ते लिहून दिलं, तरच ते तपासतं. हे चिंतामणला पटलं. पूजा सांगताना संकल्प आधी सोडावा लागतो, तसंच काहीसं हे असावं, अशी त्याने मनाशी समजूत घातली आणि मग गाडी रुळावर आली. गौरी-गणपती आटोपेपर्यंत त्याची काही स्क्रिप्ट उभी राहिली. चालवली की स्क्रीनवर सगळीकडे हिरव्या खुणा उमटायच्या. लहान पोरासारखा तो त्या पुन्हा पुन्हा उमटवून पाहायचा.

मालकांपुढे दाखवायच्या आधीचा रविवार आला. अदितीने त्याची स्क्रिप्ट ओळीओळीने वाचायला घेतली आणि मध्येच थांबली.

"सर, सेव्ह दोनदा काहून दाबलं?"

चिंतामण हसला. "सेव्ह दोनदाच दाबतात." पोहे धुऊनच घेतात, असं सांगावं तसं त्याने सांगितलं.

"कोण दाबते दोनदा?"

त्याने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. अदितीने दुसऱ्या सेव्हची ओळ काढली आणि स्क्रिप्ट चालवलं. लाल खूण आली. टाकलेली नोंद कुठेच नव्हती.

मग दोघांनी मिळून शोधलं. पहिल्यांदा सेव्ह दाबलं की 'झालं' असं दिसायचं, पण नोंद फोनमध्येच राहायची आणि ॲप बंद केलं की उडून जायची. दुसऱ्यांदा दाबलं की मग ती खरी पोचायची. ॲप नवं होतं तेव्हा चिंतामणला हे एकदा दिसलं होतं. नंतर बघू, असं प्रोग्रॅमरने सांगितलं आणि ते नंतर कधी आलंच नाही. तोवर चिंतामणच्या अंगठ्याने स्वतःपुरता इलाज शोधला आणि डोकं विसरून गेलं. बाकीच्या बागाईतदारांचं अडलं नाही, कारण ते उतावळे, बटण चारदा दाबल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही. अडलं ते शेंदूरजनाघाटच्या बागवाल्या माणिकबाईंचं. आमच्या नोंदी गायब होतात, अशी त्यांची तक्रार हंगामामागून हंगाम येत होती. दर वेळी चिंतामण तपासायचा, दोनदा सेव्ह दाबायचा, नोंद जागेवर सापडायची. मग तो उत्तर लिहायचा, की दोष आढळला नाही, वापरणाऱ्याची चूक असावी.

पोह्यांची बशी तशीच राहिली. चिंतामणने अदितीला सरळ विचारलं, ती ओळ परत घालू का? लाल खूण दाखवली तर मालक विचारणारच, की इतकी वर्षं हे तपासत कोण होतं.

अदितीने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. मग म्हणाली, "सर, हातानं टेस्टिंग करता करता आपण पुष्कळ काही सांभाळून घेतो. ते सांभाळून घेणं यंत्राले शिकवलं, तर चूक कायमची झाकली जाते. हे मी तुमाले कोणालेबी सांगतलं असतं तसंच सांगून राहिली. पण ओळ ठेवा का काढा, हे मी नाई सांगणार. नोकरी तुमची आहे."

परतताना गाडीत त्याने माणिकबाईंना फोन लावला. ॲपची पाहणी चालली आहे, असं निमित्त सांगून त्याने विचारलं, की सेव्ह किती वेळा दाबता?

"एकदाच," माणिकबाई म्हणाल्या. "झालं म्हणते ना तो फोन? मंग दोनदा कोण दाबते?"

पुढचं त्यांनी न विचारताच सांगितलं. नोंदी त्यांची सून वच्छला टाकायची. माल जायचा आणि नोंद दिसायची नाही. त्यांना आधी वाटलं, पोरगी निष्काळजी आहे. मग वाटलं, माहेरच्या व्यापाऱ्याकडे परभारे माल देते की काय. ती शपथा घ्यायची. "पण तुमच्याच हापिसानं लिहून पाठवलं ना, वापरणाऱ्याची चूक म्हणून. मंग मी फोन काढून घेतला तिच्याजवळून, हिशोब आता वहीतच राहते. तवापासून आमी दोघी कामापुरतंच बोलतो."

चिंतामणने फोन ठेवला. बडनेऱ्याला उतरायचंही तो विसरला असता, शेजारच्या माणसाने हलवलं म्हणून उतरला.

घरी त्याने मैथिलीला सगळं सांगितलं. ती शाळेत शिकवणारी बाई, खरं बोला असं पोरांना रोज सांगणारी, पण त्या दिवशी तिच्या तोंडून ते पटकन निघेना. मला भीती वाटते, असं तिने स्पष्ट सांगितलं. मलाही, असं तोही म्हणाला. मग ती म्हणाली, "त्या वच्छलाच्या जागी मी असते, तर तुम्ही काय केलं असतं?" आणि उत्तराची वाट न पाहता कुकर लावायला गेली.

कुलदीपने कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी लाल खूण पाहिली आणि कपाळाला हात लावला. मालकांना हिरवं आवडतं, तो समजावत म्हणाला, एका ओळीचा तर प्रश्न आहे, उद्यापुरती घाला. माणूस वाईट नव्हता, त्यालाही वर तोंड दाखवायचं होतं. चिंतामण नाही म्हणाला. असं तोंडावर नाही म्हणायची सवय नसल्यामुळे त्याचे कान तापले, पण ओळ त्याने घातली नाही.

दुसऱ्या दिवशी गौरांगने आधी दाखवलं. स्क्रिप्टच स्क्रिप्ट आणि सगळी हिरवीगार. मग चिंतामणची मूठभर स्क्रिप्ट चालली आणि त्यातलं एक लाल झालं. मालकांनी विचारलं, की हा बग शोधला कोणी?

"शेंदूरजनाघाटच्या वच्छलाबाईंनी," चिंतामण म्हणाला. "मी तो वर्षानुवर्षं झाकून ठेवला. मला कळत नव्हतं, पण झाकला मीच." आणि अंगठ्याची सगळी गोष्ट त्याने सांगितली.

मालकांनी ती ऐकून घेतली. मग त्यांनी गौरांगला विचारलं, की हेच तुमच्यात हिरवं कसं? गौरांगने आपली स्क्रिप्ट उघडली आणि बिचारा गोरामोरा झाला. तिथेही सेव्ह दोनदा होतं. सरांनी तसंच शिकवलं होतं, तो म्हणाला. त्यात खोटं काहीच नव्हतं.

दोन दिवसांनी निकाल आला. जागा चिंतामणला मिळाली, पण आधी दोघांच्याही स्क्रिप्टमध्ये असली सांभाळून घेतलेली ठिकाणं हुडकून काढायची, या अटीवर. गौरांगला पुण्याच्या ऑफिसात बोलावलं, आणि तो तर तिथे जायला केव्हाचा टपलेला होता. कुलदीपने पेढे मागवले. चिंतामणने पेढा हातात घेतला, तो तसाच टेबलावर ठेवला आणि गॅलरीत जाऊन फोन लावला.

चूक ॲपची होती, एवढंच तो बोलला असेल, तोच माणिकबाईंनी त्याला थांबवलं.

"थांबा. मले एकटीले नका सांगू." मग त्यांची लांबवर हाक ऐकू आली. त्यांनी मुलाला बोलावलं, दिराला बोलावलं, बागेत पेट्या भरणाऱ्या बायांनाही बोलावलं. बांगड्या वाजल्या, पावलं जवळ आली. "सर्व्यायले बोलावलं मी. फोन मोठ्यानं लावला आहे. आता सांगा."

चिंतामणने सावकाश, मोठ्याने सांगितलं. "वच्छलाबाईंनी प्रत्येक नोंद बरोबर टाकली होती. चूक आमच्या ॲपची होती, ती आता दुरुस्त केली आहे. तपासायचं काम माझं होतं आणि दोष मी त्यांच्यावर घातला."

पलीकडे बांगड्या पुन्हा वाजल्या. मग एक तरुण आवाज आला, हळू, पण नीट ऐकू येणारा. "मी रोज टाकत होती, आत्याबाई."

"हो वं माय," माणिकबाई म्हणाल्या. "घे हा फोन. आजच्या गाडीची नोंद तूच टाक."