एका बटणाची अंघोळ

रानातल्या माणसाभोवती माश्या घोंगावायला हव्या होत्या, आणि त्या काही केल्या येत नव्हत्या.

मंजुषानं त्याला पुन्हा चिखलातून चालवलं, पावसात भिजवलं, ओल्या बुटांतच झोपवलं. पडद्याच्या कोपऱ्यातली 'स्वच्छता'ची पट्टी हिरव्याची पिवळी झाली, पिवळ्याची लाल झाली. तरी गडी आपला ताजातवाना. तिनं एक बटण दाबलं की तोंड पुसायचा आणि पुढं चालू लागायचा.

"अरे, वास तरी येऊ दे तुझा," ती वैतागून म्हणाली.

"काय म्हणून राह्यली वं?" आतल्या खोलीतून जगदेवनं विचारलं.

"तुमाले नाई बाबा. कामाचं हाय."

"मंग असू दे."

कामाचं आहे म्हटलं की तिचे वडील गप्प होत. लेक पुण्याच्या कंपनीत गेम बनवते म्हणजे नेमकं काय करते, हे त्यांना कधी कळलं नव्हतं. पण त्या कामावर घर चालतं आणि त्यात बोललेलं चालत नाही, एवढं त्यांनी पक्कं धरून ठेवलं होतं. दिवाळीत त्यांना लकवा मारला, डावी बाजू गेली. आई आधीच गेलेली. मंजुषा कंपनीची परवानगी काढून लॅपटॉपसकट आसेगावला परत आली. 'लेक असावी तं अशी,' असं सगळं गाव म्हणायचं, आणि तिला ते ऐकायला आवडायचं. का आवडू नये?

गेम होता विमान पडून जंगलात एकट्या उरलेल्या माणसाचा. शिकार करा, आग पेटवा, झोपा. खेळणाऱ्यांना त्याचा कंटाळा आला, म्हणून कंपनीनं ठरवलं की आता या माणसाला अंग स्वच्छ ठेवावं लागेल आणि त्यासाठी जवळचं सगळं पुरवून वापरावं लागेल. मडक्यात थोडंच पाणी आहे, ते प्यायचं की जखम धुवायची? सरपण आहे, त्यावर मांस भाजायचं की पाणी उकळायचं? पाय धुतले नाहीत, ओले बूट काढले नाहीत, तर पाय सडणार आणि माणूस लंगडणार. हे काम मंजुषाकडं आलं. "तुमच्याकडं पाणी जपून वापरतात ना, तुला जमेल," असं तिचा वरिष्ठ प्रज्वल म्हणाला. तिला राग आला. पण नळ कधीमधीच येतो, हे खोटं थोडंच होतं? मग तिनं आपलं घरच त्या जंगलात नेऊन ठेवलं. हात धुवायला चुलीतली राख, केसांना रिठे, आणि अंघोळ करायची ती घमेल्यात उभं राहून, म्हणजे तेच पाणी पुढं भांड्यांना कामी येतं. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

खेळून पाहणाऱ्यांना मात्र ते पटलं नाही. अंघोळीत फार वेळ जातो म्हणाले.

"एक बटण दे," प्रज्वल फोनवर म्हणाला. "'पुसून घे'. तोंड, मान, हात. बास. अर्धी पट्टी भरली पाहिजे."

"आणि पाय?"

"पाय कोण बघतं गं?"

तिनं बटण दिलं. सोपं होतं, आणि खरं म्हणजे तिला ते नवीनही नव्हतं.

जगदेवला आधी शेजारचा ग्यानबा अंघोळ घालायचा. तो हळद शिजवायच्या कामाला रिसोडकडं गेला. जाताना त्यानं विचारलं होतं, "दुसऱ्या कोनाले सांगू का?" ती म्हणाली, "नको, पाहीन मी." पाहीन म्हणणं सोपं होतं. बापाला लेकीसमोर अंगावरचे कपडे काढायची लाज, आणि पायांचा तर प्रश्नच नव्हता. त्यांच्या घरात लेकी बापाच्या पाया पडत नाहीत, बापच लेकीच्या पाया पडतो. तिच्या परीक्षेच्या दिवशी, नोकरीला निघताना, जगदेव वाकून तिच्या पायाला हात लावायचे आणि ती संकोचून उभी राहायची. आता ओलं फडकं घेऊन ती खाली सरकली की ते उजवा पाय आखडून घेत. "पायाले हात नको लावू माय. मले पाप लागते."

"बरं," ती म्हणायची. तोंड, मान, हात. मग ती धावतपळत टेबलाशी यायची, कारण मीटिंग सुरू झालेली असायची. थंडीत ग्यानबानं घातलेले मोजे ऊन तापायला लागलं तरी तसेच होते. बाबांनी नको म्हटलं की तिला वाईट वाटायला हवं होतं. तिला सुटल्यासारखं वाटायचं.

त्या दुपारी, ती माश्यांच्या मागं लागलेली असतानाच, किन्हीराजाहून चतुराबाई आली. जगदेवची थोरली बहीण, मोठ्या आवाजाची आणि त्याहून तिखट नाकाची. उंबऱ्यातच थांबली.

"मंजे, घरात उंदीर मेला का वं?"

"नाई आत्या. नालीचा वास असन."

तो वास तिलाही दोन-तीन दिवसांपासून येत होता. तिनं नालीत फिनाईल टाकलं होतं आणि आतल्या खोलीत उदबत्ती लावली होती. आत्यानं उदबत्तीकडं पाहिलं, मग खाटेकडं, आणि भावाच्या अंगावरची चादर बाजूला केली. उजवा मोजा निघाला. डावा निघेना. तो टाचेला चिकटला होता. तिनं पाणी मागून तो भिजवला, हळूहळू सोडवला, आणि तोंडाला पदर लावला. टाचेवर काळं पडलेलं भोक होतं.

"जगदेव, अरे काहून बोलला नाई?"

"मले त्या पायाचं काई समजतच नाई बाई." ते वर आढ्याकडं पाहत होते. "दुखत नाई."

"वास बी नाई आला?"

"आला. पन तिचं काम सुरू होतं."

आत्या मंजुषाला रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "ऑटो सांग पोरी."

मंगरूळपीरच्या डॉक्टरांनी मेलेलं मांस कापून काढलं. अजून उशीर झाला असता तर पाय वाचला नसता, आणि अजूनही वाचेलच असं नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. "रोज धुवायचं. रोज म्हणजे रोज. मोजे बंद. आणि टाच कुठं टेकू द्यायची नाही."

परत आल्यावर दोघींनी धरून जगदेवला ऑटोतून उतरवलं. मंजुषानं त्यांचा डावा पाय वरच्या वर झेलला. ओट्यावर बसलेली शेजारीण म्हणाली, "लेक असावी तं अशी." मंजुषाला वाटलं, आत्यानं आता खरं काय ते सांगून टाकावं. आत्यानं काहीच सांगितलं नाही.

संध्याकाळी प्रज्वलचा फोन आला. "अगं, ते एका बटणाचं सगळ्यांना आवडलंय. सुटसुटीत झालं. माश्यांचं तेवढं बघ."

ते तिला तोवर सापडलं होतं. माश्या तिनं तोंडाला आणि हातांना जोडल्या होत्या, आणि ते तर बटणानं पुसले जात. पाय तिनं कशालाच जोडले नव्हते.

"प्रज्वल, ते बटण काढायचंय मला."

"का? चाललंय की छान."

"पुसून पाय स्वच्छ होत नाहीत."

तो हसला. "गेम आहे मंजू. खरा माणूस आहे का तो?"

"नाही," ती म्हणाली. "पण माझ्याकडं आहे एक." त्याला काही समजलं नाही. बटणाचं उद्या बोलू म्हणून त्यानं फोन ठेवला. ते बटण राहील हे तिला ठाऊक होतं. लोकांना आवडलं होतं ना.

"मी राह्यतो चार दिवस," सकाळी आत्या पदर खोचत म्हणाली. "मी धुतो त्याचा पाय. माह्या हातानं त्याले काई पाप लागत नाई."

आतून जगदेवचा सुटकेचा आवाज आला. "हो बाई, तूच धुय."

"नाई आत्या. तुमी गेल्यावर कोन धुईन? मीच धुतो."

"तो धुवू देईन का तुले?"

मंजुषानं पाणी उकळून कोमट केलं, मीठ घातलं, घमेलं घेऊन खाटेपाशी गेली आणि जमिनीवर मांडी घालून बसली. आत्यानं जगदेवला उठवून खाटेच्या कडेला बसवलं. लेकीला खाली पाहून त्यांनी पहिल्यासारखाच पाय आखडून घेतला. उजवा वर गेला. डावा जिथं होता तिथंच लोंबत राहिला, आणि तिनं तो हातात घेतला.

"नको माय."

"बाबा, चुकलं माह्यं. मले वास आला होता. मी उदबत्ती लावली."

ती पाणी ओतत राहिली. बोटांच्या सापटीतला मळ सुटत गेला, घोट्याभोवती मोज्याच्या मळाचा पट्टा बसला होता तोही तिनं चोळून काढला. घमेल्यातलं पाणी गढूळ झालं. ती जखमेच्या कडेनं बोट फिरवत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

खाट करकरली. जगदेव पुढं वाकत होते. आत्यानं मागून त्यांचा खांदा धरला. त्यांचा उजवा हात खाली आला, मांडीखालून बाहेर निघालेल्या तिच्या पावलाला लागला, आणि मग त्यांच्या कपाळाकडं गेला.

"बाबा, काहून?" ती ओरडलीच.

"राहू दे," ते म्हणाले, आणि हात पुन्हा खाली आला.

तिला पाय मागं घ्यायचा होता. पण तिच्या दोन्ही हातांत त्यांची टाच होती, आणि ती टेकू द्यायची नव्हती.