चढावरची बाई

“हा पहारा देतोय की डुलकी काढतोय?” ताईने तटावरच्या बोटभर माणसाकडे बोट दाखवलं.

“डुलकी. आपले बाबा आहेत ते,” तो म्हणाला.

“हात् मेल्या! बापालासुद्धा सोडलं नाहीस!” ती खळखळून हसली.

संग्रहालयाच्या दालनात दोन पलंगांएवढ्या टेबलावर डोंगराची प्रतिकृती उभी होती. फार फार जुन्या काळचा डोंगरी किल्ला. माथ्याभोवती दगडमातीचे तट, बाहेर खंदक, आत गवताने शाकारलेल्या गोल झोपड्या. त्यात राहणारी माणसं घडवण्याचं काम त्याचं होतं. त्या माणसांचे चेहरे कोणी पाहिलेत? मग त्याने आपलाच गोतावळा किल्ल्यावर नेऊन बसवला. उद्या उद्घाटन होतं. गर्दीत ताईला काही दिसायचं नाही, म्हणून त्याने तिला आजच बोलावलं होतं. कौतुक करून घ्यायची हौस, दुसरं काय! येताना ती त्याचा डबाही घेऊन आली होती. पन्नाशी उलटली तरी तिच्या लेखी तो बारक्याच होता.

ताई एकेकाला ओळखत निघाली. चुलीशी बसून गप्पा हाणणारी त्याची बायको. शेळीशी हुज्जत घालणारी त्याची लेक. झोपडीच्या दारात मांडी ठोकून मडकं घडवणारा तो स्वतः.

“वा रे शहाण्या, स्वतःला बरं सावलीत बसवलंस!”

तो हसला. मग ती खाली वाकली. किल्ल्याच्या चढावर एक बाई होती. डोक्यावर घडा, पाठीला बाक, डावा हात मागे कमरेवर.

“ही कोण?”

“कोणी नाही. वर पाणी नव्हतं ना, खालच्या झऱ्यावरून आणावं लागायचं. संशोधक बाई म्हणाल्या, पाणी आणणारी एक दाखवा.”

“घडा डोक्यावर, मग हात कमरेवर कशाला?”

“ओझं असतं ना, ताई.”

“बारक्या, कोणाला शेंडी लावतोस? ही मी आहे.”

त्याचं तोंड एवढंसं झालं. त्याने मुद्दाम केलं नव्हतं, आणि तेच जास्त वाईट होतं. पाणी आणणारी म्हटल्यावर त्याच्या हातून दुसरी कोणी घडलीच नाही. आई गेली तेव्हापासून खालच्या नळावरून वर घरात पाणी वाहिलं ते ताईने. तिची शाळा सुटली. स्थळं आली तशी गेली. बारक्याचं शिक्षण होऊ दे, मग बघू. मग त्याचं लग्न, मग त्याची पोरं. बघायचं राहूनच गेलं, आणि त्याने कधी आठवणही करून दिली नाही. सोयीचं होतं ना!

“काढून टाकतो,” तो म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवेना.

“काढू नकोस, वरची सगळी तहानेने मरतील.” ती त्या वाकलेल्या पाठीकडे जरा वेळ बघत राहिली. “पण मेली कायम चढावरच राहणार का रे? वर पोचल्यावर टेकत असेल की कुठेतरी. तिला बसव.”

त्याने जाऊन संशोधक बाईंना विचारलं. संध्याकाळच्या आत होत असेल तर करा, त्या म्हणाल्या. दरवाज्याच्या आत झाडाखाली जागा होती. त्याने चढावरची बाई अलगद सोडवली, नवा लगदा मळला, भरलेला घडा झाडाच्या बुंध्याशी ठेवला. तिचे पाय केले. आणि पाठीपाशी येऊन त्याचा हात अडला.

बाबा कसे बसायचे, हे त्याने डोळे मिटून केलं असतं. बायकोचं बसणं, पोरांचं लोळणं, सगळं हाताला पाठ होतं. ताई? ताई वाढायची. ताई दार उघडायची. बसत असेलच की, तीही माणूसच आहे. त्याने कधी बघितलं नव्हतं.

“ताई, जरा समोर बसतेस? तुला बघून करतो.”

“अगंबाई, माझं काय बघायचंय!” म्हणत ती स्टुलावर टेकली, अगदी कडेला. पिशवी मांडीवर, टाचा उचललेल्या, नजर दाराकडे. कोणी हाक मारली की निघायला तयार.

“अशी नको गं. नीट बस ना.”

ताईने टाचा टेकवल्या. पिशवी खाली ठेवली, परत उचलली, परत ठेवली. हात कुठे ठेवायचे ते तिला उमजेना. मग तिने त्याच्याकडे बघितलं.

“नीट म्हणजे कशी रे?”