आई बसली की गाडी रुसते

आमची गाडी हायब्रिड आहे. म्हणजे पेट्रोलवरही चालते, बॅटरीवरही चालते आणि दोन्ही असूनही घाटात बंद पडते. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशातली गत.

बरं, नेहमी बंद पडत असती तर काही म्हणणं नव्हतं. मी रोज शाळेत घेऊन जाते, तेव्हा ती लोण्यासारखी चालते. बाजारात चालते, पुलावर चालते, नवऱ्याच्या ऑफिसातली चार धिप्पाड माणसं कोंबली तरी चालते. आई मागच्या सीटवर बसली आणि घाट लागला, की समोर लाल दिवा पेटतो, जोर जातो आणि गाडी आजारी म्हशीसारखी कडेला जाऊन उभी राहते. ही संगती मी लावली नव्हती. ती आईनं लावली आणि तिथून माझ्या झोपेचं खोबरं झालं.

आईचा डावा डोळा कधीच गेला. उजव्याच्या पडद्याला सूज येते, पाणी साचतं. त्यासाठी दर महिन्याला घाटापलीकडच्या दवाखान्यात डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं. डॉक्टरीणबाई गोड बोलतात, पण एक वाक्य त्या न हसता बोलल्या होत्या. "खेप चुकवू नका. जी नजर जाईल, ती मला परत आणता येणार नाही."

पहिल्यांदा दिवा पेटला तो घाटातल्या मोठ्या वळणावर. मागून ट्रकवाले भोंगे वाजवत होते आणि मी पायाखालचं पेडल जीव खाऊन दाबत होते. गाडी ढिम्म. शेवटी कडेला घेतली, आईला उतरवलं, तिची रजई झाडाखाली अंथरली आणि दोघी बसलो. थोड्या वेळानं दिवा आपोआप विझला. पोचायला उशीर झाला, पण डॉक्टरीणबाई थांबल्या होत्या.

या रजईचं सांगायला हवं. आईची कंबर धरते, म्हणून ती मागच्या सीटवर पाय लांब करून आडवी बसते. पाठीशी उशी आणि खाली-वर जुनी जाड रजई. आमच्या मागच्या सीटचं तिनं अंथरूणच करून टाकलं होतं.

गाडी सर्व्हिस सेंटरला दिली. देण्याआधी आमच्या घरी एक सोहळा असतो. माझ्या नवऱ्याला मी टापटीपराव म्हणते, मनातल्या मनात आणि रागात असले की तोंडावरही. गाडी परक्याच्या हातात जाणार म्हटल्यावर टापटीपराव रजई, उशी, पाण्याची बाटली, माझ्या तपासायच्या वह्या सगळं घरात आणतात. मग कानाकोपरा पुसतात. आपला पसारा चारचौघांत मांडू नये, हे त्यांचं ब्रीद.

"बॅटरी तापली होती," सर्व्हिसवाला म्हणाला. "संगणकात नोंद आहे. पण का तापली ते कळत नाही. मागे काही सामानसुमान ठेवता का?"

"छे!" टापटीपराव दुखावलेच. "आमची गाडी आरशासारखी असते. बघा ना."

त्यानं बघितलं. होतीच आरशासारखी. त्यानं बॅटरी गार ठेवणारा पंखा बदलला, दिवसभर गाडी फिरवली आणि ठणठणीत म्हणून परत दिली.

पुढच्या महिन्यात त्याच वळणावर दिवा. पुन्हा झाडाखाली रजई, पुन्हा सर्व्हिस सेंटर, पुन्हा आरसा. या वेळी तारा तपासल्या. काही सापडलं नाही. तिसऱ्या खेपेला गाडी अशी काही अडून बसली, की दवाखाना बंद व्हायची वेळ झाली आणि आम्ही उलट फिरलो. खेप हुकली.

परतताना आई मागून शांतपणे म्हणाली, "मी बसले की होतं हे."

"काहीतरीच काय!"

"तू एकटी जातेस तेव्हा होतं का? जावईबापू जातात तेव्हा होतं का?" आणि मग हसून म्हणाली, "पांढऱ्या पायाची आहे गं मी."

मला ते हसणं सहन झालं नाही. आई लग्न होऊन आली त्याच महिन्यात आजोबांची नोकरी गेली होती आणि आजीनं तिला हे नाव ठेवलं होतं. आजी गेली, नाव राहिलं. लहानपणी आई ते गंमत म्हणून सांगायची आणि आम्ही हसायचो. तिच्या आत ते अजून ओलं आहे, हे मला इतक्या वर्षांत कळलं नाही.

नवी तारीख मिळाली. आईनं सांगून टाकलं की ती येणार नाही. मी म्हटलं, टॅक्सी करू. "त्या बिचाऱ्याच्या पोटावर पाय कशाला? त्याची बंद पाडायची का?" मी म्हटलं, बस. बसमध्ये तर चाळीस माणसं, त्यांचा खोळंबा कोण भरून देणार? मी चिडले, रडले, शेवटी अबोला धरला. अबोल्यात ती माझ्यापेक्षा मुरलेली.

एका संध्याकाळी मी शाळेतून आले. दारात नुसती उभी राहिले, काही बोलले नाही. आई समोर खुर्चीत होती. माझ्याकडेच तोंड करून म्हणाली, "कोण आहे?"

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. "आई, मी."

"हां हां. पावलं वाजली नाहीत ना, म्हणून."

"चेहरा दिसत नाही माझा?"

"दिसतो की. कडेकडेनं दिसतो. मध्ये जरा धुरकट आहे."

"कधीपासून?"

"तुझ्या डोक्याला आधीच गाडीचा ताप. त्यात माझं कुठं सांगत बसू?"

त्या दिवसापासून मी वर्गात फळ्याकडे तोंड केलं की मला फळ्याच्या मधोमध धुरकट डाग दिसायचा. गणित चुकायचं. मुलं एकमेकांना कोपरानं ढोसायची. मी मनात एकच हिशेब करत होते, की अजून एक खेप हुकली तर मी आईला कडेकडेनंही दिसणार नाही.

तारखेच्या दिवशी टापटीपरावांनी सकाळीच कंबर कसली. अपॉइंटमेंट दुपारची होती. "आई, मी आत्ता घाट चढून येतो. दिवा नाही पेटला तर तुम्ही यायचं. कबूल?" आणि तिच्या तोंडून हो-नाही निघायच्या आत गेलेसुद्धा. रजई-उशी कालच उन्हात टाकायला काढलेली, म्हणजे गाडी रिकामी.

परत आले ते विजयी वीरासारखे. "एकदासुद्धा पेटला नाही!"

आई म्हणाली, "मी नव्हते ना."

त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. आई उठून आत निघाली आणि माझं डोकं सटकलं. मी गणित शिकवते. मुलांना रोज ओरडून सांगते की पायऱ्या गाळू नका, एक गाळलीत की उत्तर गेलं. आणि आम्ही काय करत होतो? आई गाळली तेव्हा आईबरोबर अजून काय काय गाळलं, ते कुणी बघितलंच नव्हतं.

"थांब," मी म्हटलं. "आज मी आई होते. तू बसतेस तिथं मी बसणार, तशीच. तुझी उशी, तुझी रजई, तुझे लांब केलेले पाय. बसव मला."

"वेडी आहेस का?"

"तुझीच मुलगी आहे. बसव."

आईनं मान हलवली, पण बाहेर आली. सीट चाचपली. उशी लावली, रजई पसरली, माझे पाय वर उचलले. मग माझ्या कुशीशी, सीट आणि दरवाजा यांच्या मधल्या फटीत, रजईचं टोक गच्च खोचलं. वरून मुठीनं दाबलं.

"हे कशाला?"

"असं बरं असतं," ती म्हणाली आणि फाटकाशी जाऊन उभी राहिली.

टापटीपरावांनी गाडी काढली. घाट लागला. मी मागे आडवी. दिवा पेटला नाही तर आई जिंकली. मग तिला कुठल्या तोंडानं समजावणार होते? आयुष्यात पहिल्यांदा मी गाडी बंद पडावी म्हणून प्रार्थना करत होते. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. ऊन चढलं होतं, इंजिन ओरडत होतं. मोठं वळण आलं आणि टापटीपराव किंचाळले, "अगं, पेटला!"

"पेटला? खरंच पेटला?" मी टाळ्या पिटल्या. "अहो, आई नाहीये गाडीत! आई घरी आहे!"

मागच्या ट्रकवाल्यानं आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. गाडी रांगत कडेला गेली. इंजिन गप्प झालं आणि त्या शांततेत मला माझ्या कुशीशी आवाज आला. घरघर, दबलेली, तोंडावर हात ठेवल्यासारखी. मी रजईचं टोक उपसलं. ते सहज निघालं नाही, आतून कुणीतरी ओढून धरलं होतं. खाली प्लास्टिकची छोटी जाळी होती. रजई निघाली तशी जाळीनं मोठ्यानं श्वास घेतला.

बॅटरीचा पंखा तिथून हवा आत ओढत होता. आम्ही दर महिन्याला घाटात त्याचं नाक दाबत होतो.

टापटीपराव वळून बघत राहिले. "ही जाळी? ही तर मी दर वेळी पुसून देतो! काडीला कापूस लावून!"

"पुसता खरं. रजई काढून पुसता."

"त्यानं विचारलं होतं, सामान ठेवता का म्हणून." त्यांचा आवाज पडला. "आईंचं अंथरूण म्हणजे सामान आहे, असं माझ्या डोक्यातच आलं नाही."

यावर त्यांना रागवावं की काय करावं, मला कळेना. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दिवा विझला. आम्ही फिरलो.

आई फाटकाशीच उभी होती. "बंद पडली?" तिनं लांबूनच विचारलं.

"पडली! तुझ्याशिवाय पडली!" मी धावत गेले, तिला हाताला धरून आणली, तिचा तळवा जाळीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती जाळी चाचपत राहिली.

"इथं घरघरायचं," ती म्हणाली. "घाट आला की जास्तच. तू आधीच गाडी चालवताना ओठ चावतेस. म्हटलं, हा आवाज हिच्या कानावर गेला तर आणखी घाबरेल. म्हणून मी रजई दाबून धरायचे."

तिचा हात जाळीवर थांबला.

"म्हणजे मीच की गं," आई म्हणाली.

मला वाटलं होतं तिच्या पायातलं जुनं भूत मी उतरवलं. ते पुन्हा तिच्या चेहऱ्यावर येऊन बसत होतं. तिला खोटं सांगावं, असं क्षणभर मनात आलं. पण मुळात या घरात एकमेकांना त्रास नको म्हणून गप्प बसण्यानंच सगळं वाटोळं होत होतं.

"हो, तूच," मी म्हटलं. माझा आवाज चढला. "पण पायांनी नाही, हातांनी! तुझ्या पायांत काही नाही, आई, कधीच नव्हतं. आजी चुकली. तू घरघर ऐकलीस आणि सांगितली नाहीस, एवढंच झालं. डोळा धुरकट झाला, तेही सांगितलं नाहीस. आता बस गाडीत आणि सगळं सांगायचं. घरघरलं तर सांग, नाही घरघरलं तर सांग. मला घाबरू दे. घाबरून मी मरत नाही."

ती माझ्या आवाजाच्या दिशेनं बघत राहिली. मग टापटीपरावांना म्हणाली, "जावईबापू, शाळेत पण अशीच ओरडते का ही?"

"शाळेत जरा कमी," ते म्हणाले आणि त्यांनी मागचं दार उघडलं.

आई बसली. रजई घरात राहिली. उशी मी माझ्या हातानं लावली, जाळी मोकळी ठेवून. स्टिअरिंगवर मी होते. चाकं चढाला लागली तशी मी पुन्हा ओठ चावायला लागले. कारण सापडलं म्हणून भीती जातेच असं नाही. मागून आईचा आवाज यायला लागला. तिनं जाळीवर हात न ठेवता शेजारी बोटं धरली होती.

"ओढतंय," ती म्हणाली.

पहिलं वळण.

"ओढतंय गं. जोरात ओढतंय."

मोठं वळण आलं. मी दिव्याच्या जागेकडे बघत होते, रस्त्याकडे टापटीपराव बघत होते आणि "अगं, समोर!" म्हणून ओरडत होते. वळण मागे पडलं. दिवा पेटला नाही. झाडही मागे गेलं.

"आलं का ते वळण?" आईनं विचारलं.

"गेलं, आई," टापटीपराव म्हणाले.

तिनं मागून हात लांब करून माझा खांदा चाचपला, वर येत माझा गाल शोधला. तो ओला होता.

"रड," ती म्हणाली. "माझ्या वाटचंही तूच रडून घे. इंजेक्शननंतर मला डोळ्याला पाणी लावायला बंदी असते."