ग्रिम्शॉचा उजवा गुडघा

“गोल सांग, गोल! हवामान काय सांगत बसलायस?” आल्बर्ट ग्रिम्शॉने खुर्चीच्या हातावर थाप मारली.

“जे लिहिलंय तेच वाचतोय,” उपेंद्र म्हणाला. “‘१२ नोव्हेंबर १९५५. पाऊस. उजवा गुडघा सुजलेला. आजोबांचे दोन गोल. सामन्यानंतर एक उलटी. रात्री झोप नाही.’ संपलं.”

“कोणाविरुद्ध?”

“ते लिहिलेलं नाही.”

“एक डोक्याने मारला होता मी! गोलकीपर हललासुद्धा नाही. तेही नाही?”

“नाही. उलटी आहे.”

उपेंद्रने वही मांडीवर आपटली. त्याच्या बायकोला, मेधाला, फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. इथल्या टॅला गावच्या मोठ्या इस्पितळात ती बावीस वर्षं नर्स होती. शेजारच्या या म्हाताऱ्याची, तिच्या ‘आजोबां’ची, नजर गेली, तशी दर शनिवारी ती त्याच्याकडे जाऊन बसायची. तो सांगायचा, ती लिहून घ्यायची. तो भरभर बोलतो म्हणून मराठीत, आणि हाताला सवय तीच म्हणून पेशंटचा चार्ट लिहावा तसं. सहा मोसमांची कारकीर्द, आणि पानोपानी सूज, ताप, झोप! सख्ख्या नवऱ्याने गुडघा दुखतो म्हटलं की म्हणायची, “जिने चढ.”

तिला जाऊन आठ महिने झाले होते. वही आल्बर्टकडेच राहिली होती. उपेंद्रने ती मागितली नव्हती, आणि आज त्याला ती उघडायचीही नव्हती. पण तीन वाजता इंग्लंडहून फोन यायचा होता. आल्बर्टच्या जुन्या हॉर्टन टाउन क्लबला शंभर वर्षं होत होती, म्हणून पुस्तक निघणार होतं. आणि म्हाताऱ्याने परस्पर ठोकून दिलं होतं, माझं सगळं लिहून ठेवलंय, शेजारी वाचून दाखवेल.

क्लबच्या पन्नाशीला निघालेल्या पुस्तकात आल्बर्टवर एकच ओळ होती, ती त्याला पाठ होती. ‘ग्रिम्शॉ : नेमबाज चांगला, पण काळजाचा कच्चा, शेवटच्या सामन्यात ऐनवेळी पाय मागे घेतला.’ एवढी ओळ नव्या पुस्तकात येऊ नये, म्हणून ब्याण्णव वर्षांचा हा माणूस सकाळपासून टाय बांधून बसला होता.

“ब्याऐंशी गोल सांगितले की झालं,” आल्बर्ट म्हणाला. “ब्याऐंशी गोल करणारा भित्रा कसा असेल?”

“वहीत एकसष्टच भरतात.”

“मग तुझी बायको मोजायला चुकली.”

“माझी बायको मोजायला चुकत नव्हती!” उपेंद्र एवढ्या जोरात ओरडला की त्याचं त्यालाच कसंसं झालं. “गोळ्या मोजण्यात जन्म गेला तिचा. तुम्ही सांगितलेच नसतील.”

आल्बर्टने टायची गाठ चाचपली. मग हळूच म्हणाला, “ग्रँड, ठीक आहे. वाच पुढचं.”

तेवढ्यात फोन वाजला, उपेंद्रने तो स्पीकरवर टाकला. पलीकडचा माणूस तरुण आणि घाईत होता. उपेंद्र एकेक नोंद इंग्रजीत करून सांगू लागला. चार-पाच नोंदी झाल्यावर तो माणूस म्हणाला, “सर, यात फुटबॉल कुठे आहे?”

नेमकं हेच उपेंद्र सकाळपासून म्हणत होता. पण दुसऱ्याने म्हटलेलं त्याला खपेना. “जरा थांबा की,” असं म्हणून त्याने शेवटचं पान काढलं.

“‘७ मार्च १९५९. शेवटचा सामना. आधी गुडघ्यात इंजेक्शन, या मोसमातलं अकरावं. डॉक्टरने दिलं का, विचारलं. नाही, ट्रेनरने. आजोबा म्हणतात, तिसऱ्यानंतर पाय स्वतःचा वाटत नव्हता. चेंडूवर झेप घेताना गुडघा वाकलाच नाही. लोक भित्रा म्हणून ओरडले. घरी कोणाला सांगितलं नाही.’”

वाचता वाचता त्याचा आवाज खाली आला. हे ती त्याला कधी बोलली नव्हती. पेशंटचं घरी बोलायचं नाही, हा तिचा नियम.

पलीकडे तो माणूस घुटमळला. “वाईट वाटलं ऐकून. पण हे त्यांनीच साठ वर्षांनंतर सांगितलेलं. तेव्हाचा कागद काही? आम्हाला पुरावा लागतो.”

“पुढे अजून दोन ओळी आहेत,” उपेंद्र म्हणाला. “‘स्वतः तपासलं. वाटीच्या आतल्या बाजूला कातडी पांढरी, बोटभर खोलगट. एकाच जागी पुन्हा पुन्हा सुई.’ खाली सही आणि वेळ. तिने स्वतः पाहिल्याशिवाय ‘तपासलं’ कधी लिहिलं नाही. तुम्ही विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका.”

“हे लिहिणाऱ्यांचं नाव काय?”

उपेंद्रने नाव सांगितलं. मग एकेक अक्षर सांगितलं. मधेच एका अक्षरापाशी त्याला थांबावं लागलं.

“नर्स लिहायला सांग,” आल्बर्ट म्हणाला. “नावाआधी नर्स.”

“त्यांच्याशी दोन मिनिटं बोलता येईल का?”

“नाही,” उपेंद्र म्हणाला.

आल्बर्टला एवढं पुरेसं नव्हतं. तो वाकला आणि विजारीचा पाय गुंडाळून वर घेऊ लागला. उपेंद्र मदतीला पुढे झाला, तर त्याने त्याचा हात बाजूला सारला. काडीसारखी पिंढरी उघडी पडली, मग गुडघा. तो त्याने आवाजाच्या दिशेने वळवला.

फोनवर नुसताच आवाज जातो, हे उपेंद्रने त्याला सांगितलं नाही. त्याने कॅमेरा सुरू केला आणि फोन खाली, गुडघ्यासमोर धरला. पलीकडचा माणूस पडद्याजवळ सरकला.

“उजेड पुरतोय का,” आल्बर्ट म्हणाला, “विचार त्याला.”